शेवटच्याची जर्सी

मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांची वेळ संध्याकाळी पाचची ठरलेली आणि ऑल्विन साडेतीनलाच येऊन टपकला, तेव्हाच जुलियाच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या तीस वर्षांच्या संसारात हा धाकटा दीर कुठल्याही कार्याला वेळेआधी आलेला नव्हता. लग्नाला यायचा तो जेवणाच्या वेळेला, आणि बारशाला यायचा तो मूल झोपल्यावर. आज मात्र इस्त्रीचा शर्ट, वर शर्टाच्या खिशात घडी घातलेले कागद, आणि मागून जोआना. बायको बरोबर आणि कागद खिशात, म्हणजे काहीतरी शिजलंय एवढं जुलियाला कळलं. हॉस्पिटलात नर्सची नोकरी केलेल्या बाईला चेहरे वाचायला शिकवावं लागत नाही.

"दादा कुठाय?" ऑल्विनने चपला काढता काढता विचारलं.

"आंघोळीला गेलेत. बसा की. सांदणं काढतेय, गरम खा."

"नको वहिनी. आधी बोलायचंय."

दिवाणखान्यात खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. दाराजवळच्या मोठ्या खुर्चीपुढे टीपॉय, आणि त्यावर झाकलेली साखरेची वाटी. ती खुर्ची ऑल्विनची. मुलीच्या बापाने बोलणी करायची नाहीत, ही डाबऱ्यांच्या घरातली रीत. बापाचा जीव गुंतलेला, तो कुठे हो म्हणेल, कुठे रडायला लागेल, काही भरवसा नाही. म्हणून मुलीच्या काकाने बसायचं, विचारायचं ते विचारायचं, आणि पसंत पडलं तर वाटीतली साखर पाहुण्याच्या तोंडात घालायची. साखर पडली की ठरलं. नाही पडली तर पाहुण्यांनी चहा पिऊन उठायचं. वसईतल्या नंदाखालला हे असंच चालत आलं, आणि कतारला, दोह्यात अल मुंतझातल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असली तरी तेच चालायचं.

तेव्हा आज सिमोनाचं लग्न त्या वाटीवर आणि ऑल्विनच्या हातावर अवलंबून होतं. नवरामुलगा पावलो इटालियन, रास लफानला गॅसच्या प्लांटमध्ये इंजिनियर. ह्याच, दोन हजार सातच्या मार्चमध्ये त्याची बदली नॉर्वेला. सिमोनाने आईला परवाच स्वच्छ सांगितलं होतं, "डॅडींचा होकार नसेल तर मी लग्न करणार नाही. पळून वगैरे तर नाहीच. पण मग पुन्हा मला दुसरं स्थळ दाखवू नका." अठ्ठावीस वर्षांची, हॉस्पिटलात नोकरी करणारी पोर. बोलली तसं वागणारी. हे जुलियाला पक्कं ठाऊक होतं.

लुईस केस पुसत बाहेर आला. ऑल्विनने खिशातले कागद काढून त्याच्या हातात दिले.

"काय हे?"

"वाच. ऑफिसातल्या जहूरने नेटवरून काढून दिलं. तुझ्या होणाऱ्या व्याह्याची शर्यत. दोन्ही वर्षांची पूर्ण यादी आहे. नाव शोध."

लुईसने चष्मा लावला. वरून वाचायला लागला. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं.

"वरून नको वाचूस," जोआना म्हणाली. "खालून वाच, दादा. लगेच सापडेल."

आणि सापडलं. दोन्ही याद्यांमध्ये एकाच जागी. रेन्झो मालदोत्ती, सगळ्यात शेवटी.

लुईस खुर्चीत बसला. हातातला टॉवेल तसाच मांडीवर. जुलियाला त्याच्याकडे बघवेना. कारण गेले दोन महिने ह्या माणसाने काय काय केलं होतं ते तिने पाहिलं होतं. डिसेंबरात पावलोचा बाप थंडीपुरता इकडे आला, पहिल्यांदा घरी जेवायला आला, आणि त्याने पाकिटातून एक जुना फोटो काढला. काळा-पांढरा. सायकलवर एक बारकेला तरुण, अंगात गडद जर्सी, गळ्यात हार. म्हातारा इटालियनमध्ये काहीतरी भडाभडा बोलला आणि पावलोने इंग्रजीत सांगितलं, "बाबा म्हणतात, इटलीची ती मोठी तीन आठवड्यांची शर्यत, त्यात दोन वर्षं ही जर्सी त्यांच्याकडे होती."

बस्स. त्यांच्या मुलाने, डीनने, आधीच सांगून ठेवलं होतं की त्या शर्यतीत सगळ्यात पुढे असतो त्याला गुलाबी जर्सी मिळते. फोटो काळा-पांढरा, त्यात गुलाबी काय आणि जांभळी काय! लुईसने दोन आणि दोन चार केले. पुढच्या शुक्रवारी मिस्सेची प्रार्थना झाल्यावर अंगणात थर्मासातला चहा पिताना त्याने बस्त्यावकाकांना सांगितलं. बस्त्यावकाका वसईकर मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सांगणं म्हणजे पेपरात छापणं. आठवडाभरात अल अझीझियापासून मदिनत खलीफापर्यंत सगळ्या वसईकरांना कळलं की लुईस डाबरेचा व्याही इटलीचा चॅम्पियन आहे. येत्या शुक्रवारी मंडळाच्या खेळांचा दिवस. बक्षीस द्यायला प्रमुख पाहुणे म्हणून म्हाताऱ्याचं नाव ठरलं. 'इटलीचे विख्यात विजेते' असा बॅनरसुद्धा छापून झाला. आणि सत्तावीस वर्षं मिस्सेला मागच्या भिंतीला टेकून उभा राहणारा लुईस दोन महिने पुढे उभा राहायला लागला होता. लोक त्याला हाक मारून चहा द्यायचे.

"खोटारडी माणसं," जोआना म्हणाली. "आणि अशांच्या घरी पोरगी द्यायची?"

"जोआना, जरा दमाने," जुलिया म्हणाली.

"मी काय चुकीचं बोलले, वहिनी? शेवटचा आला, त्याचं काही नाही. पण जर्सी जर्सी म्हणून मिरवलं कशाला?"

आतून डीन आला. चोवीस वर्षांचा हा मुलगा मराठी सगळी समजायचा आणि उत्तर मात्र इंग्रजीत द्यायचा. त्याने कागद बघितले आणि म्हणाला, "ओह. ब्लॅक जर्सी! देअर वॉज अ ब्लॅक जर्सी फॉर द लास्ट गाय. डॅड, दॅट्स सो कूल."

"कूल?" लुईस पहिल्यांदा बोलला. "बस्त्यावकाकांना काय सांगू? कूल?"

"दादा," ऑल्विन जरा खाली वाकून म्हणाला, "मी तुझ्यासाठीच बोलतोय. आज नाही म्हणून टाकू. सभ्यपणे. बॅनरचं मी बघतो."

तो दादासाठीच बोलत होता, हेही खोटं नव्हतं. पण गेल्या दोन महिन्यांत मंडळात ऑल्विनला कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं होतं, आणि जुलियाला दोन्ही दिसत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. लुईसने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग तो हळूच म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर. बोलायचं तुलाच आहे."

जुलियाने हातातलं सांदणाचं ताट खाली ठेवलं. सिमोना आतल्या खोलीत साडी नेसत होती.

पाहुणे पाचच्या ठोक्याला आले. पावलो बत्तीस वर्षांचा, घामाघूम, हातात चीजचं भलंमोठं चाक. बाप एकोणऐंशी वर्षांचा, वाळक्या शेंगेसारखा, नाक उन्हाने सोललेलं. त्या दिवशी समुद्रकाठच्या कॉर्निशवर इथल्या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा होता, म्हातारा सकाळपासून कठड्याला धरून उभा होता.

"वारा बघितलात?" पावलोने बापाचं बोलणं इंग्रजीत केलं. "बाबा म्हणतात, असल्या वाऱ्यात शेवटी यायला त्यांना काहीच कष्ट पडले नसते."

कोणी हसलं नाही. पावलोलाही आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण त्याने सिमोनाकडे पाहिलं आणि सिमोनाने पदराशी चाळा सुरू केला. जुलियाने हे टिपलं. म्हणजे पोरीला ठाऊक आहे, तिच्या मनात आलं.

ऑल्विनने वेळ घालवला नाही. कागद टीपॉयवर ठेवले, साखरेच्या वाटीशेजारी.

"मिस्टर मालदोत्ती, आम्ही साधी माणसं. आमच्यात चौकशी करतात. हे तुमचंच नाव ना?"

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरले, नाव सापडलं तसा त्याचा चेहरा खुलला. त्याने ते नाव डीनला दाखवलं, जुलियाला दाखवलं, लुईसलाही दाखवलं. लपवायचं काही आहे असं त्याच्या गावीच नव्हतं.

"बाबा म्हणतात, हे कुठे मिळालं? त्यांना एक प्रत हवीय," पावलो पडेल आवाजात म्हणाला.

"अहो, पण शेवटी आहे ते!" जोआना मराठीतच म्हणाली आणि मग इंग्रजीत, "लास्ट! यू केम लास्ट!"

तेवढं इंग्रजी म्हाताऱ्याला कळलं. "सी, सी. लास्ट!" त्याने होकाराची मान डोलावत दोन बोटं वर केली. "टू टाइम!"

मग तो बोलत सुटला आणि पावलो मागून धापा टाकत सांगत राहिला. रेन्झोचा बाप वीटभट्टीवर होता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा रेन्झो अठरा वर्षांचा, घरात खायला नाही, म्हणून सायकलवर बसला. एका संघाने घेतलं, पण पाणक्या म्हणून. शर्यतीत प्रत्येक संघाचा एक नायक असतो, बाकीचे त्याचे गडी. नायकाला तहान लागली की मागे जायचं, बाटल्या सदऱ्यात भरायच्या आणि पुन्हा पुढे गाठायचं. नायकाचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत बसायचं. तीन वर्षं हेच केलं. मग गुडघा गेला. संघाने सांगितलं, आता फार तर दोन वर्षं.

"आणि तेव्हा शेवटच्या माणसाला काळी जर्सी होती," पावलो म्हणाला. "लोकांना ती फार आवडायची. शेवटचा येईपर्यंत रस्त्यावर थांबायचे. कोण कोंबडी द्यायचा, कोण तेलाचा डबा. बाबांनी ठरवलं, पुढे तर आपण जाऊ शकत नाही, मग नीट मागे राहू."

"मुद्दाम?" ऑल्विनने विचारलं.

"मुद्दाम. पण सोपं नव्हतं. पहिला पोचल्यावर ठरलेल्या वेळेत पोचला नाहीत तर नाव खोडतात. आणि शेवटचं यायला टपलेला दुसरा एक होताच. एकदा बाबा एका कॉन्व्हेंटात लपले. सिस्टरांनी सूप दिलं. मदर सुपिरियर हातात घड्याळ घेऊन बसल्या. दुसरा गडी कुठे दिसेना, म्हणून बाबा उठायला तयार नाहीत. शेवटी मदर म्हणाल्या, तो तासाभरापासून चॅपलमध्ये पापनिवेदनाच्या खोक्यात बसलाय. त्याला आधी बाहेर काढते, मग तू नीघ."

जोआनाला हसू फुटलं. तिने तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होतेच. नवऱ्याने डोळे वटारले तशी ती गप्प झाली.

"ते सगळं ठीक आहे," ऑल्विन म्हणाला. "पण तुम्ही माझ्या भावाला सांगितलंत, जर्सी तुमच्याकडे होती. काळी होती हे नाही सांगितलंत. आमच्या सगळ्या लोकांत त्याचं हसं होणार आहे. ही फसवणूक झाली की नाही?"

पावलोने हे बापाला सांगितलंच नाही. तो नुसता लाल झाला. म्हाताऱ्याने त्याचा दंड हलवून विचारलं, पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे दोनचार शब्द बोलला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो मुलाकडे बघत हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतायत?" लुईसने विचारलं.

"ते म्हणतायत..." पावलोला बोलवेना. "ते म्हणतायत, मी काळी म्हणालो होतो. दोनदा म्हणालो होतो. तू सांगितलं नाहीस?"

"त्याने नाही सांगितलं, कारण मी नको म्हटलं होतं."

सिमोना उभी राहिली होती. मराठीत बोलत होती, थेट बापाशी.

"डॅडी, ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा लिफ्टमध्ये मीच त्याला म्हटलं, तो शब्द गाळ. शेवटचा आला हे घरात सांगू नकोस."

"का?" लुईस म्हणाला.

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"हो! ऑल्विन अंकलचं प्रमोशन झालं की आपल्याकडे केक येतो. ऑल्विन अंकलची नवीन गाडी आली की आपण बघायला जातो. मी लहानपणापासून बघतेय, तुम्ही कुठेही गेलात की मागची खुर्ची शोधता. मला वाटलं, एकदा तरी तुम्हाला काहीतरी सांगायला मिळू दे. मला काय माहीत तुम्ही अख्ख्या दोह्याला सांगाल!" तिने पदराने डोळे पुसले. "चुकलं माझं. पण त्यांची काही चूक नाही."

जुलियाला पोरीला जवळ घ्यावं की मुस्कटात द्यावी ते सुचेना. तीस वर्षं जे तिने नवऱ्याला एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं, ते पोरीने दिराजावेसमोर, पाहुण्यांसमोर मांडून ठेवलं होतं. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. ऑल्विन खाली बघत होता.

म्हाताऱ्याला शब्द कळले नाहीत, पण आपल्यापायी घरात रडारड झाली एवढं कळलं. त्याने टोपी उचलली. "सॉरी," तो लुईसला म्हणाला, मग मुलाला, "यल्ला." 'चल' म्हणण्यापुरतं अरबी दोन महिन्यांत तो इथे शिकला होता. पावलो उठला. ऑल्विनने वाटीवरचं झाकण काढलंच नव्हतं.

झालं, जुलियाने मनात म्हटलं. मार्च येईल, तो नॉर्वेला जाईल, ही हॉस्पिटलात ड्युट्या करत राहील, आणि ह्या घरात कोणी कोणाला दोष देणार नाही, फक्त कमी बोलतील. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बसा," लुईस म्हणाला.

"दादा, बापाने बोलायचं नसतं," ऑल्विन म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"आजवर बोललो का कधी? आज बोलू दे." लुईस पुढे सरकला आणि आपल्या स्टोअरकीपरी इंग्रजीत, एकेक शब्द मांडत म्हाताऱ्याला म्हणाला, "मला एकच सांगा. शेवटी आलात. पण वेळेनंतर आलात का कधी?"

पावलोने विचारलं. म्हातारा ताडकन म्हणाला, "माई!" आणि पावलोने सांगितलं, "कधीच नाही. एकदाही नाही."

"मी सत्तावीस वर्षं एका कंपनीच्या एकाच स्टोअरमध्ये आहे," लुईस म्हणाला. "माझ्यानंतर आलेले सगळे पुढे गेले. हा माझा भाऊ. ह्याला मी आणला. आज मॅनेजर आहे, हुशार आहे, मला त्याचा अभिमान आहे. मी अजून स्टोअरकीपर. पण वाळूचं वादळ असो, अंगात ताप असो, सकाळी सहाला दार उघडलं नाही असा दिवस नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही मला. लाज वाटायची." त्याने एकदा सिमोनाकडे पाहिलं. "पोरीला ती लाज माझ्याकडूनच लागली."

पावलो सांगत होता आणि म्हातारा लुईसकडे टक लावून बघत होता. मग त्याने टोपी मांडीवर ठेवली.

"बाबांच्या आईला वाचता यायचं नाही," पावलो म्हणाला. "तीन वर्षं शेजारीण तिला पेपरातल्या यादीत बाबांचं नाव शोधून द्यायची, आणि ते कुठेतरी मध्येच असायचं, म्हणून रोज गडबड व्हायची. शेवटची दोन वर्षं आई स्वतः बोट ठेवायची. तिला जागा पाठ झाली होती."

लुईस उठला. त्याने ऑल्विनपुढची वाटी उचलली, झाकण काढलं, चिमूट कसली, मूठभर साखर घेतली आणि म्हाताऱ्याच्या तोंडात घातली. अर्धी त्याच्या शर्टावर सांडली. म्हाताऱ्याला ठसका लागला. सिमोना रडत होती, हसत होती, काय करत होती कोण जाणे. डीन "यस, डॅड!" म्हणून ओरडला.

"अरे दादा, चमचा तरी घ्यायचास," ऑल्विन म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, आणि ते लपवायला तो म्हाताऱ्याच्या पाठीवर थोपटायला लागला. जुलियाला तीस वर्षांत पहिल्यांदाच दिराबद्दल खरीखुरी माया वाटली.

जोआनाच तेवढी शुद्धीवर होती. "सगळं छान झालं. पण बॅनरवर विजेते छापलंय, त्याचं काय? उद्या कोणी दुसऱ्याने नेटवर बघितलं तर?"

लुईसने हात झटकले आणि सरळ फोनकडे गेला. बस्त्यावकाकांचा नंबर त्याला पाठ होता.

"बस्त्यावकाका, लुईस बोलतोय. सिमोनाचं ठरलं. हो, तोच मुलगा. थँक यू, थँक यू. आता ऐका. माझा व्याही चॅम्पियन नाही. चूक माझी. शेवटचा यायचा तो. शेवटचा. दोनदा." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. लुईस शांतपणे ऐकत होता. "नाही, ओरडू नका. बॅनर बदला, खर्च मी देतो. प्रमुख पाहुणा तुम्ही दुसरा बघा, माझी काही हरकत नाही. पण तो येणार. हो, माझ्याबरोबर. पुढे जागा नसेल तर मागच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवा. पाच वाजता म्हणालात ना? आम्ही पाचला पोचतो."